सोर्मुनेनांची टाच

हाउकिसुओ, २० जानेवारी १९९१

प्रिय ताउनो भाऊजी,

माझं अक्षर ओळखलंत तर पाकीट न फोडताच चुलीत घालाल, म्हणून पत्ता पोस्टातल्या बाईंकडून लिहून घेतला. फोडलंच आहे तर आता वाचून टाका. गोठ्याबद्दल मी एक अक्षर लिहिणार नाही. सहा वर्षांपूर्वी तुम्ही स्वीडनहून सुट्टीला आलात, रिकामा गोठा पाहिलात आणि वडिलांच्या गाई विकून शेतात स्ट्रॉबेरी लावणाऱ्या भावाला अंगणात उभं राहून जे बोलायचं ते बोललात. त्यानेही तोंड सोडलं. दोघेही सोर्मुनेन, त्यामुळे त्यानंतर अबोला. माझं तुमच्याशी भांडण नव्हतं आणि नाही. मी वहिनी आहे, दिराला पत्र लिहायला मला कोणाची परवानगी लागत नाही. ओइवाला मात्र या पत्राचं माहीत नाही.

इकडची बातमी अशी की जिल्ह्यात गावागावांची स्पर्धा लागली आहे. तीन महिन्यांत कुठल्या गावाच्या रक्तातलं कोलेस्टेरॉल सगळ्यांत जास्त उतरतं ते बघायचं. महिला मंडळाच्या केर्त्तूने आपल्या गावाचं नाव दिलं, आणि केर्त्तूने दिलं म्हणजे गावाने दिलं. शाळेत टेबलं मांडून सगळ्यांचं रक्त घेतलं. आकडा पाचाच्या आसपास असावा म्हणतात. गावाची सरासरी सातच्या जवळ आली. तुमचे बंधुराज दहाला टेकले.

आकडे गुप्त ठेवायचे असं ठरलं होतं, पण आपल्या गावात काय गुप्त राहतं ते तुम्हाला ठाऊक आहे. दुसऱ्या दिवशी दुकानात ऑस्मो गल्ल्यामागून म्हणाला, "ओइवा, तुझं रक्त डब्यात भरून दे रे. पावाला लावायला बरं पडेल." सगळे हसले. ओइवाही हसला. मग त्याने हातातलं लोण्याचं पुडकं फळीवर परत ठेवलं आणि म्हणाला, "ते पिवळ्या फुलांचं तेल आणलंयस ना नवीन? त्याची बाटली दे."

घरी आल्यावर त्याने चुलीवरचं कॉफीचं काळं भांडं उतरवलं, घासलं आणि खिळ्याला टांगलं. नर्सने सांगितलं होतं की आपण कॉफी उकळून पितो त्यात तिचं तेल उतरतं आणि ते रक्तात जाऊन त्रास देतं. कागदातून गाळली की तेल कागदात राहतं. दिवसभर त्या भांड्याशी संसार करणारा माणूस. पहिली गाळलेली कॉफी प्यायला तेव्हा त्याचा चेहरा बघून मला खिडकीकडे वळून हसावं लागलं.

आणि दूध. साय काढलेलं, पातळ, निळसर. तेच, जे आपण वासरांना पाजायचो. पेला समोर ठेवून तो म्हणाला, "प्यायचं तर पितो. पण आधी मला दावणीला बांध." हे गोठ्याबद्दल लिहिलं असं धरू नका.

तुमची मारिता आता चौदाची झाली असेल. बापावर गेली आहे की आईवर?

तुमची वहिनी,
साइमी


हाउकिसुओ, १७ मार्च

प्रिय भाऊजी,

उत्तर आलं नाही. मी वाट बघत होते असंही नाही. खोटं कशाला लिहू, बघत होते.

तुमच्या भावाचं कौतुक करायला दुसरं कोणी नाही म्हणून तुम्हाला लिहिते. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण या माणसात एवढी चिकाटी आहे हे मला या हिवाळ्यात कळलं. रोज न चुकता तळ्याला स्कीवरून फेरी मारतो. शनिवारी सौनात वाफ घेऊन बाहेर आलं की सगळे पुरुष निखाऱ्यावर सॉसेज भाजतात, हा शेजारी बसून बटाटा भाजतो. केर्त्तूच्या नामदिवसाला तिने पिराक्का केले होते, भात भरलेले, गरम, आणि वर लोण्यात कालवलेलं अंडं. तुम्हाला वास आठवत असेल. ओइवाने तीन घेतले, तिन्ही कोरडे, आणि केर्त्तूला म्हणाला की राय धान्याच्या पिठाची पारी इतकी छान लागते हे लोण्यामुळे आजवर कळलंच नव्हतं. केर्त्तूला आपली स्तुती झाली की अपमान, ते अजून ठरवता आलेलं नाही.

आता गंमत ऐका. मधली तपासणी झाली. गावाची सरासरी सहावर आली. ऑस्मोसुद्धा उतरला, आणि तो तर साखर लावून लोणी खाणारा. आणि ओइवा? नऊ. पुरता नऊ.

गावाने काय अर्थ काढला तो तुम्ही ओळखला असेलच. दुकानात ऑस्मो म्हणाला, "तळघरात जाऊन चाटतोस काय रे?" ओइवा म्हणाला, "चाटलं असतं तर निदान चव तरी आठवली असती." हसण्यावारी नेलं त्याने. पण केर्त्तू घरी येऊन मला बाजूला घेऊन म्हणाली, "साइमी, खरं सांग गं. एका माणसापायी सगळं गाव मागे पडतंय. खातो ना तो लपून?" मी तिला दार दाखवलं. मग ती गेल्यावर मी तळघरात जाऊन बघून आले. बटाटे, बीट आणि बेरीचा रस.

त्याला मी विचारलं, एवढं करून आकडा हलत नाही तर सोडून द्यावंसं वाटत नाही का. म्हणाला, "हलला की थोडा. हट्टी आहे एवढंच. आमच्याकडे सगळंच हट्टी असतं." आणि स्की घेऊन गेला.

परवा मात्र तळ्याच्या मध्यावर स्कीचा पट्टा सुटला म्हणून बराच वेळ बर्फावर बसून राहिला होता. बाकी सगळं ठीक.

साइमी


हाउकिसुओ, १२ एप्रिल

भाऊजी,

स्कीचा पट्टा सुटला नव्हता. छातीत आवळल्यासारखं झालं म्हणून तो बसला होता. मला त्याने पट्टाच सांगितला होता आणि मी विश्वास ठेवला नव्हता, पण तुम्हाला तसंच लिहिलं. तुमचे वडील जंगलात झाडाला टेकून बसले ते उठले नाहीत. आर्वी भाऊजी, तुमचे दुसरे भाऊ, तसेच गवताच्या गंजीपाशी. मी ते शब्द कागदावर उतरवायला घाबरले.

त्याला आरोग्य केंद्रात घेऊन गेले. घेऊन गेले म्हणजे गाडीची किल्ली काढून घेतली आणि मीच चालवली. तिथे डॉक्टर विर्पी म्हणून नवी आली आहे, तरुण पोरगी, केस मुलासारखे कापलेले. तिने आकडे बघितले. काय खाता, असं सगळे विचारतात, तिने विचारलंच नाही. म्हणाली, "मोजे काढा."

ओइवा म्हणाला, "डॉक्टर, माझं छातीत दुखतंय."

"ऐकलं मी. मोजे काढा."

तिने टाचेच्या मागची जाड शीर चिमटीत धरून वर-खाली चाचपली आणि विचारलं, "हे कधीपासून असं आहे?"

भाऊजी, तुमचा भाऊ त्या टेबलावर ताठ झाला. आवाजात शान आली. म्हणाला, "ही सोर्मुनेनांची टाच. आमच्या घराण्यात असतेच." आणि मग त्याने तिला सगळं सांगितलं. सासरे शनिवारी सौनात तुम्हा तिघांना बाकावर उभं करायचे, पाहुण्यांना टाचा दाखवायचे. दोरखंडासारखी शीर, म्हणून सोर्मुनेन स्कीवर सगळ्यांना मागे टाकतात. सासऱ्यांची तशीच, आर्वीची तशीच, आणि धाकट्याची सगळ्यांत जाड, तो मोठेपणी सगळ्यांना हरवणार. लग्न ठरलं तेव्हा माझ्या वडिलांनाही ही टाच अभिमानाने दाखवली होती, ते मला आठवलं.

ती शेवटपर्यंत ऐकून घेत होती. मग तिने विचारलं, "वडील किती वर्षांचे असताना गेले?"

"चव्वेचाळीस."

"आणि आर्वी?"

"एक्केचाळीस."

त्यानंतर ती खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसली. तिने जे सांगितलं ते मला समजलं तसं लिहिते. टाचेत जे साठलं आहे ते कोलेस्टेरॉलच आहे. तेच हृदयाच्या रक्तवाहिन्यांतही साठतं. रक्तातलं कोलेस्टेरॉल यकृत उचलून घेतं, त्यासाठी त्याला दारं असतात. ओइवाला जन्मापासून ती दारं निम्मीच आहेत. आपल्या भागात अशी घराणी बरीच आहेत, एकमेकांत लग्नं करून पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली. यात कोणाचा दोष नाही.

ओइवाने विचारलं, "म्हणजे मी लोणी सोडलं ते फुकट गेलं?"

"फुकट नाही गेलं. एक तुम्ही उतरवलात. जेवणाने जेवढं होतं तेवढं सगळं तुम्ही करून दाखवलंय, असं करणारा पेशंट मला अजून भेटला नव्हता. उरलेलं काम आता गोळ्यांचं. पण लोणी परत सुरू करायचं नाही हं."

छातीसाठी जिभेखाली ठेवायची गोळी दिली, मोठ्या इस्पितळात तपासणीला पाठवलं, आणि कोलेस्टेरॉलसाठी रोज रात्रीची एक नवीन गोळी. जाताना ती म्हणाली, "सख्ख्या भावंडांना हे असण्याची शक्यता अर्धी. ज्याला आहे त्याच्या प्रत्येक मुलालाही अर्धी. कोणी आहे?"

ओइवाने मोजे चढवले. गाडीत येऊन बसला. मी किल्ली फिरवणार तोच म्हणाला, "ताउनो."

सहा वर्षांत पहिल्यांदा हे नाव त्याच्या तोंडून ऐकलं. 

म्हणून भाऊजी, आता मी स्पष्ट मागते. रक्त तपासून घ्या. सासरे ज्या वयात गेले ते वय तुम्ही यंदा गाठता आहात. तुमची टाच सगळ्यांत जाड. आणि मारिताचं रक्तही तपासा. तुम्ही सिगारेट ओढत नाही, सडपातळ आहात, कधी आजारी पडला नाहीत, हे सगळं मला माहीत आहे. आर्वी भाऊजींबद्दलही हेच म्हणत होते सगळे.

साइमी


हाउकिसुओ, ५ मे

भाऊजी,

तुम्ही वाचता की नाही ते कळायला मार्ग नाही. तरी लिहिते, कारण हे लिहिलं नाही तर मला झोप यायची नाही.

स्पर्धेचा शेवट झाला. शाळेच्या हॉलमध्ये सगळं गाव. केर्त्तू आधीच घरी येऊन गेली होती, यावेळी हातात फुलं. म्हणाली, "ओइवा, तुला आजार आहे, तुझा आकडा धरायलाच नको. तो काढला की आपण जिल्ह्यात पहिले."

"काढून टाक," ओइवा म्हणाला. जराही रुसवा नाही. "पण मला सभेत जरा बोलायचंय."

केर्त्तूने माझ्याकडे बघितलं. आमच्या लग्नात हा माणूस एकच वाक्य बोलला होता, आणि ते मटणाबद्दल होतं.

तो पुढे गेला. खुर्ची ओढली. बूट काढला, मोजा काढला, आणि सगळ्या गावासमोर उघडा पाय खुर्चीवर ठेवला. मला वाटलं जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं. तो म्हणाला, "ऑस्मो, तळघरात शोधत होतात ना तुम्ही सगळे? लोणी इथे होतं."

कोणी हसलं नाही. मग त्याने हळूहळू, थांबत थांबत सांगितलं. टाच, वडील, आर्वी, निम्मी दारं. म्हणाला, "आम्ही हिची शेखी मिरवली. पाहुण्यांना दाखवली. कोणालाच माहीत नव्हतं. आता माहीत झालंय. शनिवारी सौनात आपापल्या टाचा बघा, भावांच्या बघा, पोरांच्या बघा. जाड लागली तर दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे. टाच चांगली असली म्हणजे सुटलात असंही नाही, घरात कोणी तरुणपणी गेलं असेल तर रक्त तपासाच. लाजू नका. मी लाजलो नाही." मोजा त्याने उलटा घातला ते पुढच्या रांगेतून मला दिसलं. भाऊजी, त्या वेळी मला या माणसाचा इतका अभिमान वाटला की हुंदका आवरता आला नाही, आणि मी तो आवरलाही नाही.

मग केर्त्तू उठली. म्हणाली, "आपल्याच माणसाला वगळून मिळालेला पहिला नंबर मी भिंतीवर लावणार नाही. आकडा धरा." हात वर करा म्हणाली. सगळे वर झाले. आपलं गाव दुसरं आलं.

ऑस्मोचा धाकटा भाऊ काउको स्पर्धेत नव्हता, सुईला घाबरतो म्हणून. त्यांची आई मूळची सोर्मुनेन, हे ऑस्मोला त्या हॉलमध्ये आठवलं. रविवारी सकाळीच दार वाजलं. ऑस्मो उभा. म्हणाला, "काउकोची बघितली. तुझ्यासारखीच आहे." बोलताना रडत होता. सोमवारी त्याने दुकान बंद ठेवलं आणि भावाला स्वतः घेऊन गेला. काउकोचा आकडा नऊच्या वर निघाला. तीन लहान पोरं आहेत त्याला.

ऑस्मो भावाला हाताला धरून नेऊ शकला. माझा नवरा तसं करू शकत नाही, कारण त्याचा भाऊ पाकिटं उघडत नाही. सुई टोचून घ्यायला ओइवाला माफ करावं लागत नाही, भाऊजी. त्याच्यावर रागावलेलेच राहा आणि रक्त द्या.

साइमी


हाउकिसुओ, ११ ऑगस्ट

भाऊजी,

स्ट्रॉबेरी संपत आली, हात लाल आहेत, म्हणून कागदावरचे डाग समजून घ्या. ओइवाचा आकडा गोळीने सहाच्या खाली आला. छातीत आवळणं उन्हाळ्यात एकदाही झालं नाही. अजून खाली आणायचं आहे, डॉक्टर सोडत नाही. गोळी मिळाली म्हणून तो जेवणात ढिला पडेल असं मला वाटलं होतं. वासरांचं दूध आता स्वतःहून मागतो.

काल शेतात वाफ्यावर वाकलेला असताना वर न बघता म्हणाला, "ताउनोचं काही?"

पोस्टातल्या बाईंच्या पोटात काही राहत नाही. त्याला जानेवारीपासून सगळं माहीत होतं. मी म्हटलं, काही नाही. त्याने बराच वेळ स्ट्रॉबेऱ्या तोडल्या. मग म्हणाला, "पुढच्या पत्रात लिही. गाईंबद्दल तो बोलला ते बरोबर होतं. त्या गेल्या त्या दिवशी मी गोठ्यात बसून रडलो होतो. तो अंगणात ओरडला तेव्हा मला हे सांगता आलं नाही, म्हणून मीही ओरडलो."

गोठ्याबद्दल लिहिणार नाही म्हटलं होतं. पण हे त्याचं वाक्य आहे, माझं नाही.

साइमी


हाउकिसुओ, २२ ऑक्टोबर

प्रिय ताउनो भाऊजी,

तुमचं पत्र मिळालं. मोजक्या ओळी. रक्त दिलंत, आकडा दहाच्या वर निघाला, तिथल्या डॉक्टरांनी पुढची तपासणी केली तेव्हा हृदयाच्या तीन वाहिन्या अरुंद झालेल्या सापडल्या, गुरुवारी ऑपरेशन. जिना चढताना वर्षभर धाप लागत होती आणि तुम्ही कोणाला बोलला नव्हतात. सगळी पत्रं वाचलीत असंही लिहिलंत. मारिताचं रक्त चांगलं आलं. ती ओळ मी चुलीपाशी उभी राहून मोठ्याने वाचली.

शेवटी लिहिलंत, ओइवाला सांगू नका. ते मी पाळलं नाही. पाळणारही नव्हते.

तो लाकडं फोडत होता. मी पत्र हातात दिलं. वाचून झाल्यावर कुऱ्हाड ओंडक्यात तशीच ठेवून आत गेला आणि माळ्यावरून सुटकेस काढली, लग्नातली. मी म्हटलं, अरे, आधी फोन तरी कर. म्हणाला, "फोन केला तर नको म्हणेल." डॉक्टर विर्पीला मात्र विचारून आला. ती म्हणाली, गोळ्या बरोबर ठेवा आणि सामान उचलू नका. सुटकेस त्यानेच उचलली.

बस, मग रेल्वे, मग तुर्कूहून जहाज, पलीकडे पुन्हा रेल्वे. या माणसाने आजवर तळ्यापेक्षा मोठं पाणी ओलांडलेलं नाही. बुधवारी गोथेनबर्गला पोचेल. हे पत्र त्याच्या मागून येईल, म्हणजे तुम्ही वाचाल तेव्हा तो तुमच्या उशाशी बसलेला असेल. त्याच्याशी काही बोलायची घाई करू नका, त्यालाही जमणार नाही. नुसतं बसू द्या.

एकच काळजी होती. त्याला स्वीडिशचा गंध नाही. एवढ्या मोठ्या इस्पितळात तुमच्यापर्यंत पोचणार कसा? शाळेतल्या बाईंनी त्याला कागदावर वाक्यं लिहून दिली, नमस्कारापासून आभारापर्यंत, उच्चारासकट. त्याने ती वाचली, कागद परत केला आणि त्यातले दोनच शब्द पाठ केले. दाढी करताना, बूट बांधताना, बसची वाट बघताना तेच पुटपुटत होता. मी म्हटलं, एवढ्याने भागेल का रे? तो म्हणाला, "मला तिथे दुसरं काय सांगायचंय?"

बस आली. चढतानाही त्याचे ओठ हलत होते. तुमच्या दारातल्या नर्सने हे शब्द तुमच्याआधी ऐकले असतील, म्हणून तुम्हाला सांगून ठेवते. माझा भाऊ.

साइमी